पकडलेला वायरलेस बोलत राहतो तेव्हा

दुसऱ्या महायुद्धातील हेरगिरीवर बेतलेल्या मालिका आणि कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास येतो. माळ्यावरच्या खोलीत विशी-पंचविशीतली एक मुलगी सुटकेस उघडते, कानांना हेडफोन लावते, टिंब-रेघांच्या मोर्स भाषेची कळ दाबू लागते आणि खालच्या रस्त्यावर एक बंद गाडी हळूहळू जवळ येते. दार फुटते, मुलगी पकडली जाते आणि कथा दुसऱ्या पात्राकडे वळते. प्रत्यक्ष इतिहासातला सर्वांत भयंकर भाग मात्र अनेकदा इथून पुढे सुरू होई. मुलगी तुरुंगात जाई, पण तिचा वायरलेस ठरलेल्या वेळी लंडनशी बोलतच राही, कारण कळ आता जर्मनांच्या ताब्यात असे. लंडनला वाटे की आपली मुलगी सुरक्षित आहे. मग तिच्या नावाने आलेल्या मागणीनुसार लंडन आणखी तरुणांना विमानातून खाली सोडी, आणि खाली शेतात त्यांची वाट पाहत जर्मन उभे असत.

हे शक्य कसे झाले, आणि ज्या संस्थेने या तरुणांना धोक्यापासून जपण्यासाठी एवढे नियम आखले होते तिच्याच हातून ते कसे घडले, हे समजून घेण्यासाठी त्या सुटकेसपासून सुरुवात करावी लागते.

वायरलेसवाचून काय अडत होते?

जून १९४० पर्यंत नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम आणि फ्रान्स हे देश जर्मनीच्या टाचेखाली गेले होते. जुलै १९४० मध्ये ब्रिटनने स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह नावाची नवी गुप्त संस्था उभी केली. व्याप्त देशांतील भूमिगत लढ्याला शस्त्रे, पैसा आणि प्रशिक्षित माणसे पुरवणे हे तिचे काम होते. एसओई या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेची कचेरी लंडनच्या बेकर स्ट्रीटवर होती. हिच्याच भारतातील शाखेने पुढे जपानव्याप्त मलायात पाठवायच्या तरुणांना पुण्याजवळ सिंहगडाच्या परिसरात प्रशिक्षण दिले.

व्याप्त देशातल्या तरुणांना पत्रके छापता येत होती, ज्यूंना आणि पाडलेल्या विमानांतील वैमानिकांना लपवता येत होते, रेल्वेच्या वेळा आणि सैन्याच्या हालचाली टिपून ठेवता येत होत्या. स्फोटके आणि बंदुका मात्र बाहेरूनच यायला हव्या होत्या. त्या येणार विमानातून, चांदण्या रात्री, पॅराशूटला बांधून. विमान पाठवायचे तर कोणत्या शेतावर, कोणत्या तारखेला, दिव्यांची कोणती खूण पाहून माल टाकायचा हे लंडनला आधी कळायला हवे.

लंडनकडून निरोप येण्याची सोय तुलनेने सोपी होती. बीबीसीच्या फ्रेंच कार्यक्रमात रोज संध्याकाळी काही विचित्र, असंबद्ध वाक्ये वाचली जात. ऐकणाऱ्या लाखो लोकांना त्यांचा अर्थ लागत नसे, पण ज्याच्यासाठी ते वाक्य असे त्याला उमगे की आज रात्री विमान येणार आहे. त्यासाठी घरातला साधा रेडिओ पुरे. चोरून ऐकणे हा गुन्हा असला, तरी ऐकणारा कुठे बसला आहे हे हवेतून शोधता येत नव्हते. उलट दिशेने, म्हणजे फ्रान्समधून लंडनकडे निरोप पाठवायचा तर प्रक्षेपण करावे लागे, आणि प्रक्षेपण करणारा स्वतःचा ठावठिकाणा हवेत उधळत असतो. सारा धोका या एका दिशेत साठलेला होता.

म्हणूनच एका गटात साधारणपणे तीन भूमिका असत. संघटक माणसे जमवी, निरोप्या गावोगाव चिठ्ठ्या आणि सामान पोहोचवी, आणि वायरलेस चालवणारा लंडनशी संपर्क राखी. निरोप्याचे काम अनेकदा तरुण मुलींकडे असे. फेब्रुवारी १९४३ पासून फ्रान्समधल्या तरुण पुरुषांना सक्तीने जर्मनीत कामावर पाठवण्याचा कायदा लागू झाला, त्यामुळे भर दिवसा हिंडणारा धडधाकट मुलगा लगेच संशयास्पद ठरे. सायकलवरून भाजी आणायला निघालेली मुलगी तितकी नजरेत भरत नसे.

सुटकेसमध्ये काय असे?

एसओईचा बराच वापरला गेलेला संच साध्या प्रवासी सुटकेसमध्ये बसे आणि त्याचे वजन सुमारे १५ किलो भरे. त्यात प्रक्षेपक (संदेश पाठवणारे यंत्र), ग्राहक (आलेला संदेश ऐकवणारे यंत्र), वीजपुरवठ्याचा भाग, मोर्सची कळ, हेडफोन आणि बोटाच्या पेराएवढ्या स्फटिकांची डबी असे. कोणता स्फटिक बसवला आहे त्यावर संदेश कोणत्या फ्रीक्वेन्सीवर जाणार हे ठरे. सोबत वीसेक मीटर तार असे. ती एरियल म्हणून छपरावर, झाडावर किंवा खोलीत आडवीतिडवी पसरावी लागे. लहान दिसणारी पण खांदा खाली ओढणारी सुटकेस घेऊन मेट्रोच्या स्थानकावरील तपासणीतून जाणे हीच एक परीक्षा होती.

प्रत्येकाला लंडनने वेळापत्रक ठरवून दिलेले असे. त्या वेळेला इंग्लंडमधल्या केंद्रात एखादी तरुणी, बहुधा तीही विशीतलीच, कान लावून बसलेली असे. महिनोन्महिने एकाच माणसाची मोर्स ऐकल्यावर त्याची लय तिच्या ओळखीची होई: कुठे तो रेंगाळतो, कोणत्या अक्षरानंतर किंचित थांबतो. हस्ताक्षर असावे तशी ही लय माणसागणिक वेगळी असे, पण एखाद्या निष्णात ऑपरेटरला तिची नक्कल करणे अगदी अशक्य नव्हते.

संदेश गुप्त कसा होई?

सुरुवातीच्या काळात हस्तकांना एक कविता पाठ करायला लावत. तिच्यातले पाच शब्द निवडायचे आणि त्या शब्दांतील अक्षरांच्या वर्णक्रमावरून संदेशाची अक्षरे उलटीपालटी करायची, अशी ही पद्धत होती. मराठीत एकाच शब्दावर तिचा नमुना पाहू. समजा, किल्लीचा शब्द आहे ‘पहाटवारा’. काना-मात्रा सोडले तर अक्षरे प, ह, ट, व, र. वर्णमालेत यांपैकी ट सर्वांत आधी, मग प, र, व आणि शेवटी ह. म्हणून या पाच अक्षरांना अनुक्रमे २, ५, १, ४, ३ हे आकडे मिळतात. आता ‘उद्या रात्री पूल उडवतो’ हा संदेश पाच-पाच अक्षरांच्या दोन ओळींत लिहायचा: वरच्या ओळीत उ, द्या, रा, त्री, पू आणि खालच्या ओळीत ल, उ, ड, व, तो. मग १ क्रमांकाचा उभा स्तंभ आधी वाचायचा, नंतर २ क्रमांकाचा, अशा क्रमाने सगळे स्तंभ उचलायचे. हाती येते ‘राडउलपूतोत्रीवद्याउ’. प्रत्यक्षात किल्ली पाच शब्दांची, म्हणून बरीच लांब असे, आणि हीच उलटापालट दोनदा करावी लागे. कोणते पाच शब्द निवडले हे संदेशाच्या सुरुवातीच्या काही अक्षरांतून लंडनला कळवले जाई.

सगळे डोक्यात असल्यामुळे झडतीत काही सापडणार नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण मानला गेला. तिचे दोष मात्र गंभीर होते. कविता प्रसिद्ध असेल तर शत्रूने एक संदेश फोडला की पुस्तकातून सगळी कविता हाती येई, आणि त्या हस्तकाचे मागचे-पुढचे सारे संदेश उघडे पडत. डोक्यातली कविता मारहाण करूनही काढून घेता येई. शिवाय लहान संदेश फोडायला सोपे जातात म्हणून निदान दोनशे अक्षरांचा संदेश पाठवावा असा नियम होता. म्हणजे ज्याने हवेत शक्य तितका कमी वेळ राहायला हवे, त्यालाच लांबलचक संदेश पाठवायला लावले जात होते.

खालच्या गाडीला घर कसे सापडे?

गोल कड्याच्या आकाराचा एरियल फिरवत गेले की एका विशिष्ट स्थितीत येणारा आवाज अगदी क्षीण होतो, आणि त्यावरून संदेश कोणत्या दिशेने येत आहे हे कळते. दूरदूरच्या तीन केंद्रांनी एकाच वेळी ही दिशा मोजली आणि नकाशावर तीन रेषा ओढल्या, तर त्या जिथे एकमेकींना छेदतात त्या परिसरात प्रक्षेपक असणार. असे शहर कळे. मग यंत्रे बसवलेल्या बंद गाड्या निघत आणि वस्ती शोधून काढत. शेवटच्या टप्प्यात कोटाखाली लहान ग्राहक लपवलेला माणूस पायी फिरून नेमकी इमारत ठरवी. कधी एकेका भागाची वीज क्षणभर तोडून पाहत. ज्या गल्लीची वीज जाताच संदेश खंडित होई, त्या गल्लीत पोलीस शिरत. म्हणून अनुभवी मंडळी मोटारीच्या बॅटरीवर संच चालवत, रोज जागा बदलत आणि थोडक्यात आटपत.

खरा कोण आणि खोटा कोण?

ऑपरेटर पकडला जाईल, त्याचा संच आणि कविता शत्रूला मिळेल, हे एसओईने गृहीत धरलेच होते. म्हणून प्रत्येकाला एक गुप्त खूण दिलेली असे. उदाहरणार्थ, संदेशात ठरावीक जागी मुद्दाम एक चूक करायची. ती चूक दिसली तर पाठवणारा मोकळा आहे. संदेश निर्दोष आला तर तो पकडला गेला आहे. पुढे दोन खुणा देऊ लागले: एक खोटी, जी छळ असह्य झाल्यावर सांगून टाकायची, आणि एक खरी, जी मरेपर्यंत सांगायची नाही.

बँकेत धनादेशावरची सही नमुन्याशी जुळते की नाही हे पाहिले जाते, तशी ही तजवीज होती. सहीची सारी किंमत काउंटरपलीकडच्या माणसावर अवलंबून असते. त्याने सही पाहिलीच नाही, किंवा ‘घाईत केली असेल’ म्हणून पैसे देऊन टाकले, तर खातेदाराने कितीही काळजी घेतली असली तरी खाते रिकामे होते. भूमिगत तरुणांच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. त्यांच्यातले किती जण कोणाच्या धैर्याच्या अभावामुळे गेले आणि किती जण लंडनमधल्या टेबलावर ही खूण दुर्लक्षिली गेल्यामुळे गेले, हा प्रश्न मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ही खूण नीट तपासली गेली तर काय होते, याचे उदाहरण नॉर्वेत सापडते. ऑक्टोबर १९४२ मध्ये चार नॉर्वेजियन तरुण हार्डांगरच्या बर्फाळ पठारावर उतरले. व्हेमोर्क येथील कारखान्यात तयार होणारे जड पाणी जर्मनांच्या अणुसंशोधनात वापरले जात होते, आणि तो कारखाना उडवण्याची पूर्वतयारी त्यांना करायची होती. त्यांचा वायरलेस चालवणारा क्नुट हाउगलान्ड तेव्हा २५ वर्षांचा होता. पलीकडे खरोखर तोच आहे का अशी शंका लंडनला आली, तेव्हा त्याला विचारण्यात आले की १ जानेवारी १९४१ च्या पहाटे लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर तू काय पाहिलेस. उत्तर आले, ‘तीन गुलाबी हत्ती’. हे उत्तर आधीच ठरलेले होते आणि कोणत्याही जर्मन अधिकाऱ्याला ते तर्काने सुचणे शक्य नव्हते. खात्री पटली, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये आणखी सहा जण उतरवले गेले.

हॉलंड: दोन वर्षे चाललेला खेळ

त्याच संस्थेचा हॉलंड विभाग त्याच वर्षी काय करत होता ते आता पाहू. ६ मार्च १९४२ रोजी हेग शहरात ह्यूब लाउवर्स हा डच ऑपरेटर पकडला गेला. जर्मन लष्करी गुप्तहेर खात्याच्या हेरमान गिस्केस या अधिकाऱ्याने त्याला लंडनशी संपर्क चालू ठेवायला सांगितले. लाउवर्स तयार झाला, कारण त्याचा आपल्या खुणेवर पूर्ण विश्वास होता. प्रत्येक सोळाव्या अक्षरात चूक करायची, ही त्याची खूण होती. त्याच्याजवळ सापडलेल्या संदेशांत योगायोगाने ही चूक ‘स्टॉप’ या शब्दात पडलेली होती. वाक्य संपवण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द बिघडवणे हीच आपली खूण, अशी थाप त्याने मारली आणि जर्मनांनी ती मानली. त्यानंतर खरी खूण गाळून तो संदेश पाठवू लागला. लंडनला एका संदेशातच कळेल, अशी त्याची खात्री होती.

लंडनने संदेश स्वीकारला आणि महिनाअखेर एक नवा हस्तक येत आहे असे कळवले. तो उतरला तो थेट जर्मनांच्या हातात.

लाउवर्सने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. संदेशाच्या दोन्ही टोकांना भरतीची निरर्थक अक्षरे घालायची पद्धत असे. त्या अक्षरांत ‘पकडलो गेलो’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द दोन तुकडे करून त्याने घुसवला, सुरुवातीला अर्धा आणि शेवटी अर्धा. तोही कोणाच्या लक्षात आला नाही. नव्या हस्तकांबरोबर नवे संच आले, त्या संचांवरूनही जर्मन बोलू लागले, आणि काही काळाने हॉलंडमधील एसओईची जवळजवळ सारी यंत्रणा प्रत्यक्षात गिस्केसची झाली. शस्त्रे, स्फोटके, पैसा हे सगळे नियमित येत राहिले. पन्नासहून अधिक हस्तक उतरल्या उतरल्या किंवा थोड्याच काळात पकडले गेले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांच्यातील बहुतेकांना मौटहाउसेनच्या छळछावणीत ठार मारण्यात आले; वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. लाउवर्स त्यांच्यातला एक.

या सगळ्यात लंडनमध्ये एका तरुणाला शंका आली होती. एसओईच्या सांकेतिक लिपी विभागाचा प्रमुख लिओ मार्क्स तेव्हा जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचा होता. इतर देशांतून येणाऱ्या संदेशांत घाईने, थंडीने, भीतीने चुका होत आणि काही संदेश उलगडतच नसत. ते पुन्हा पाठवायला सांगणे म्हणजे ऑपरेटरचा जीव धोक्यात घालणे, म्हणून त्याच्या हाताखालच्या मुली रात्रंदिवस बसून हजारो शक्यता तपासत. हॉलंडहून येणारे संदेश मात्र कायम बिनचूक. शांतपणे, टेबलाशी बसून, कोणाच्याही भीतीवाचून सांकेतिक लिपी तयार केल्याशिवाय हे कसे घडेल, असे त्याने वरिष्ठांपुढे मांडले. त्याचे ऐकले गेले नाही.

ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस पीटर डूर्लाइन आणि बेन उबिंक हे दोन कैदी हारेनच्या तुरुंगातून पळाले, स्वित्झर्लंडला पोहोचले आणि त्यांनी सगळे सांगितले. तेवढ्यात गिस्केसने ताब्यातल्या वायरलेसवरून लंडनला कळवले होते की हे दोघे गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, फितूर झाले आहेत. १९४४ च्या सुरुवातीला ते ब्रिटनला पोहोचले, तेव्हा त्यांनाच कैदेत टाकण्यात आले. १ एप्रिल १९४४ रोजी गिस्केसने उघड्या भाषेत, कोणत्याही सांकेतिक लिपीशिवाय, लंडनला निरोपाचा टोमणा पाठवला: इतका काळ आम्ही तुमचे एकमेव प्रतिनिधी होतो, आता आम्हाला वगळून हॉलंडमध्ये व्यवहार करू पाहता आहात.

पॅरिस: नूर आणि माडलेन

फ्रान्समध्येही हेच लहान प्रमाणावर घडले. १९४३ च्या वसंतात पॅरिसभोवती ‘प्रॉस्पर’ नावाचे मोठे जाळे विणले गेले होते. २३ आणि २४ जूनला त्याचा प्रमुख फ्रान्सिस सटिल, २३ वर्षांची निरोपी आंद्रे बोरेल आणि ऑपरेटर गिल्बर्ट नॉर्मन पकडले गेले. नॉर्मनच्या संचावरून संदेश गेला, त्यात खरी खूण नव्हती. लंडनने उत्तर दिले की तू खरी खूण द्यायला विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. शत्रूला दुसरी खूण आहे हे ठाऊक नसेल, तर ते आता लंडननेच सांगून टाकले. हे उत्तर वाचल्यावर कैदेतल्या नॉर्मनला काय वाटले असेल, याचा विचार करताना मन बधिर होते.

या अटकसत्राच्या आठवडाभर आधी, १६ जूनच्या रात्री, नूर इनायत खान लहानशा विमानातून फ्रान्समध्ये उतरली होती. व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला ऑपरेटर. तिचे वडील इनायत खान बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू करणारे मौला बक्ष हे त्यांचे आजोबा. नूरचा जन्म मॉस्कोत झाला, ती पॅरिसजवळ वाढली आणि युद्धापूर्वी मुलांसाठी जातककथा लिहीत होती. जाळे कोसळल्यावर लंडनने तिला परत येण्यास सुचवले. तिने नकार दिला, कारण ती गेली असती तर पॅरिसचा लंडनशी संपर्कच तुटला असता. तीन महिन्यांहून अधिक काळ रोज जागा बदलत, संच उचलून फिरत ती संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबर १९४३ च्या मध्यास फितुरीमुळे ती सापडली.

चौकशीत तिने काही सांगितले नाही, हे चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानेच युद्धानंतर कबूल केले. पण तिच्या खोलीत एक वही सापडली, आणि तिच्यात पाठवलेल्या संदेशांच्या प्रती होत्या. संदेश नीट जपावेत अशा अर्थाची सूचना तिला मिळालेल्या आदेशातच होती आणि तिने तिचा शब्दशः अर्थ घेतला असावा. त्या वहीवरून जर्मनांनी तिची धाटणी उचलली आणि तिच्या नावाने लंडनशी बोलायला सुरुवात केली. फेब्रुवारी १९४४ च्या शेवटच्या रात्री, त्या खोट्या संदेशांवर विसंबून, शार्त्रजवळ फ्रान्स आंतेल्म, लायोनेल ली आणि माडलेन दामरमाँ हे तिघे उतरवले गेले आणि जागीच पकडले गेले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत चार तरुणींना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत नूर होती आणि माडलेनही होती. ज्या संचावरून माडलेनला बोलावले गेले तो संच नूरचा होता, आणि तो कोण चालवत आहे हे लंडनने वेळीच ओळखले असते, तर माडलेन त्या रात्री विमानात बसली नसती.

पकडल्यावर सगळे गप्प का राहिले नाहीत?

हा प्रश्न सुरक्षित खोलीत बसून विचारणे सोपे आहे. एसओईनेही माणसाकडून अमर्याद सहनशक्तीची अपेक्षा ठेवली नव्हती. पहिले ४८ तास तोंड उघडू नका, तेवढ्यात बाकीचे घरे बदलतील, अशी शिकवण होती. त्यानंतर माणूस मोडणार हे धरूनच खोटी आणि खरी खूण बनवली होती. लाउवर्सने संच चालवला म्हणून त्याला फितूर म्हणणे सोपे आहे, पण त्याने नियमाप्रमाणे जे करायचे तेच केले.

लंडनने त्यांना जाणूनबुजून बळी दिले का?

काहीतरी मोठी फसवणूक साधण्यासाठी ब्रिटनने हे तरुण मुद्दाम जर्मनांच्या तोंडी दिले, असा आरोप हॉलंडमध्ये आणि फ्रान्समध्ये वर्षानुवर्षे होत आला. डच संसदेने युद्धानंतर चौकशी समिती नेमली. समितीचा निष्कर्ष असा होता की विश्वासघाताचा पुरावा नाही, चुका मात्र गंभीर आहेत. एसओई १९४६ च्या सुरुवातीस बरखास्त झाली आणि तिची पुष्कळ कागदपत्रे नष्ट झाली, त्यामुळे संशयाला जागा उरली.

मला समितीचे म्हणणे पटते, पण त्याने मन हलके होत नाही. खूण गाळलेले संदेश प्रामाणिक ऑपरेटरांकडूनही येत असत, कारण अंधारात, गोठलेल्या बोटांनी काम करणारा माणूस विसरतो. एकदा सूट दिली की पुढे सूट देणे ही सवय होते. त्यात हॉलंडमधील जाळे हे विभागाच्या यशाचे मुख्य प्रमाण होते. ते वर्षभरापूर्वीच शत्रूच्या हाती गेले आहे हे मान्य करायचे, तर आपण पाठवलेल्या प्रत्येक माणसाचा हिशेब द्यावा लागला असता. तरी लंडनकडून नॉर्वेत एक प्रश्न विचारला गेला आणि हॉलंडमध्ये तो विचारला गेला नाही, हे सत्य कोणत्याही स्पष्टीकरणाने पुसले जात नाही.

मग या लढ्याचा उपयोग झाला का?

झाला. २७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री २३ वर्षांच्या योआखिम रोनेबर्गच्या नेतृत्वाखाली नॉर्वेजियन तरुण व्हेमोर्कच्या कारखान्यात शिरले आणि एकही गोळी न झाडता सुमारे ५०० किलो जड पाण्याची नासाडी करून निसटले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत दोस्त सैन्य उतरले तेव्हा फ्रान्सभर रेल्वेमार्ग आणि दूरध्वनीच्या तारा तोडण्याचे काम भूमिगत गटांनी केले, आणि त्यांच्या हातातली बरीचशी शस्त्रे वायरलेसवरून मागवलेली होती. फ्रान्समधील वालाँसे येथे एसओईच्या फ्रेंच विभागाचे स्मारक आहे. त्यावर १०४ नावे आहेत, ९१ पुरुषांची आणि १३ स्त्रियांची.

नंतर काय बदलले?

मार्क्सने प्रसिद्ध कविता आधी बंद केल्या आणि हस्तकांसाठी स्वतः नव्या कविता लिहिल्या. मग त्याने कविता हीच पद्धत मोडीत काढण्याचा आग्रह धरला. तिच्या जागी रेशमी कापडावर छापलेल्या किल्ल्या आल्या. कपड्याच्या अस्तरात शिवलेले रेशीम झडतीत हाताला लागत नसे आणि कागदासारखे कुरकुरत नसे. प्रत्येक किल्ली एकदाच वापरायची, संदेश गेला की कापडाची ती पट्टी कापून जाळायची. किल्ली भक्कम झाल्यामुळे दोनशे अक्षरांची अटही उरली नाही, आणि हवेत राहण्याचा वेळ घटला.

रेशीम शत्रूच्या हाती लागले तर उरलेल्या किल्ल्या त्याला मिळतच, म्हणून कोणती किल्ली वापरली हे सांगणारी सुरुवातीची अक्षरे कापडावर छापल्याप्रमाणे न पाठवता, प्रत्येकाने आपल्या मनातल्या गुप्त आकड्यांनी ती पुढे सरकवायची असे ठरले. हे आकडे कापडावर कुठेच नव्हते. जळून गेलेल्या किल्ल्या तर पाठवणाऱ्यालाही आठवणे शक्य नव्हते, त्यामुळे त्याचा कितीही छळ केला तरी त्याने आधी पाठवलेले संदेश जर्मनांना वाचता येत नव्हते.